खाकरून आत येणारे मॅनेजर

बोरबनवाडीच्या द्राक्ष सोसायटीनं गावचा जावई मॅनेजर म्हणून नेमला, त्यामागचा चेअरमन आप्पासोंचा हिशेब सरळ होता. बाहेरचा माणूस आणला तर त्याला खोली द्या, जेवणाची सोय लावा, आणि वर त्याच्यावर नजर ठेवायला आणखी एक माणूस पोसा. जावई म्हटला की खोली सासऱ्याची, जेवण सासूचं आणि नजर अख्ख्या गावाची. शिवाय सासुरवाडीत जावई लबाडी करत नाही, असं आप्पासोंचं ठाम मत होतं. हे मत बनवताना त्यांनी स्वतःच्या सासुरवाडीचा अनुभव वगळला होता, पण बैठकीत तो विषय कुणी काढला नाही.

जावई म्हणजे लालासाहेब. मूळचे मेढ्याचे. पलटणीतून सुभेदार होऊन पेन्शनीत आले, तिकडची भातशेती थोरल्या भावाकडं, नाथाजीकडं, सोपवली आणि बायकोच्या, अंबूबाईंच्या माहेरी, इथं तासगावच्या बाजूला येऊन राहिले. साल पंचाहत्तरच्या आगंमागं. गावात द्राक्षं नवी होती, सोसायटी नवी होती, आणि दिल्लीच्या व्यापाऱ्यानं पहिल्यांदाच माल मागितला होता. मिरजेहून रेल्वेनं जायचा. इतक्या लांब जाऊन पेटी उघडल्यावर खालचा थर शाबूत निघाला तर पुढच्या वर्षी दिल्ली, नाहीतर पुन्हा आपलं जवळचं गिऱ्हाईक आणि त्याची घासाघीस.

लालासाहेब सरळ माणूस. मिशी सरळ, इस्त्री सरळ, बोलणं त्याहून सरळ. चांगल्या घरातला कुठलाही पुरुष जे करतो ते तेही करायचे. बायका बसल्या असतील तिथं पाऊल टाकायच्या आधी बाहेर थांबून खाकरायचे. पण पलटणीत छाती कमावलेली, त्यामुळं त्यांचं खाकरणं म्हणजे आधी लांबून एक घशातली गुरगुर, मग मोठा आवाज, मग क्षणभर शांतता आणि मग बुटांचा ठोका. शेडच्या पत्र्यावरची चिमणीसुद्धा तेवढ्या वेळात उडून दुसरीकडं बसायची.

शेडमध्ये बायका पोत्यांवर रांगेनं बसायच्या, दाराकडं तोंड करून. हातात बारीक कात्री, पुढ्यात घड. फुटका, कुजका, बारीक राहिलेला मणी कात्रीनं काढायचा, घड देठाला धरूनच उचलायचा म्हणजे मण्यावरची पांढुरकी झाक बोटाला लागत नाही, आणि कागदाचा चुरा अंथरलेल्या लाकडी पेटीत थर लावायचा. काम बसून करायचं, पण बसल्या बसल्या अक्कल लागायची.

आता खाकरल्यावर आत काय व्हायचं ते बघा. राहीबाई ही अंबूबाईंची चुलती, म्हणजे लालासाहेबांची चुलत सासू. जावई समोर आला की सासूनं हात चालवायचे नाहीत, तोंड दाखवायचं नाही आणि त्याच्याशी बोलायचं नाही. आवाज ऐकला की राहीबाईची कात्री खाली, पदर पुढं, तोंड भिंतीकडं. जावई जाईपर्यंत ती मातीच्या बाहुलीसारखी बसून राहायची. मनुबाई अंबूबाईंची धाकटी चुलत बहीण, लग्न होऊन गावातच राहिलेली. ती मेहुणी, मेहुणीला पदर नाही आणि जिभेला बांध नाही. "या दाजी, आज मिशीला तेल जास्त झालं व्हय?" असं म्हणत ती घड असा उंच धरून साफ करायची की बघणाऱ्याला वाटावं, हिच्या हातात घड नव्हे, देवाची समईच आहे. तिसरी सुलाबाई, जतकडच्या मेंढपाळ घरची. हंगामापुरती नवऱ्यासोबत इकडं आलेली. लालासाहेब तिचे ना जावई ना दीर, मग ती कशाला हात थांबवते? मान खाली, कात्री चालू, मॅनेजर आले काय आणि गेले काय.

लालासाहेबांनी महिनाभर फेऱ्या मारून तिघींवर शेरे पक्के केले. मनुबाई: चपळ, हुशार, हसतमुख. राहीबाई: मंद. सुलाबाई: उद्धट. हे शेरे पक्के करायला त्यांना शेडमध्ये जायची काही गरज नव्हती. बायकोकडून तिच्या माहेरची नाती विचारून घेतली असती तरी हेच तीन शेरे निघाले असते. पण आपण डोळ्यांनी बघतोय म्हणजे खरं बघतोय, अशी त्यांची खात्री होती, आणि त्यांचे डोळे खरंच चांगले होते. पलटणीनं तसा दाखला दिला होता.

सोसायटीनं त्या हंगामात एक ठराव केला. दिल्लीच्या मालावर एक मुकादम बाई नेमायची आणि तिला बारमाही ठेवायची. बाकीच्यांना हंगामाची रोजंदारी. कोणाला नेमायचं ते मॅनेजरनं सांगायचं. राहीबाईला ठरावाची बातमी लागली त्या दिवशी तिनं घरी सुनेला सांगून टाकलं, "उद्यापासनं धुणं तू बघ, मला शेडमधनं यायला उशीर व्हणार." तिला खात्री होती. नाशिककडचा माणूस पेटी भरायचं शिकवायला आला होता तेव्हा पुढं होऊन शिकली ती एकटी, आणि बाकीच्या सगळ्या तिच्याकडून शिकल्या. घरात ती कुणाची सासू, कुणाची जाऊ, कुणाची चुलती होती. शेडमध्ये मात्र ती राही होती, आणि हे तिला घरापेक्षा बरं वाटायचं.

लालासाहेब मेढ्याला निघायच्या आदल्या दिवशी शेडवर आले. गुरगुर, आवाज, शांतता, बूट. कात्री खाली, पदर पुढं.

"ऐका समद्या," ते म्हणाले. "दिल्लीच्या मालाची मुकादम मनुबाई. मी पुतणीच्या सुपारीला गावी चाललोय, आलो की कमिटीपुढं नाव देतो. आणि..." इथं ते अडखळले. सासूचं नाव घ्यायचं कसं? "आणि आमच्या मामींनी उद्यापासनं कागदाचा चुरा कापायला बसावं. सावकाशीचं काम हाय. त्यास्नी झेपंल."

राहीबाईनं भिंतीकडचं तोंड थोडं फिरवलं, पण दाराकडं नाही. मधल्या लाकडी खांबाकडं.

"खांबा," ती म्हणाली, "ऐकलंस का रं? मला म्हणं झेपंल! तुझ्या मॅनेजरांना ईचार जरा, घडाचा देठ कसा धरायचा हे त्या मुकादमणीला कुणी शिकवलं?"

मनुबाईनं खाली बघितलं. लालासाहेबांनाही आता मामींशी थेट बोलता येईना, आणि गप्प बसलं तर हुद्दा जातो. तेही खांबाकडं वळले. "खांबाला म्हणावं, शिकवणं येगळं आन् करणं येगळं. मी रोज दोन येळा येतो. दोन्ही येळा हात थांबल्यालाच दिसतो."

"खांबा, त्यास्नी सांग, ते आल्यावर थांबतो!"

"म्हणजे मालकाच्या पुढंबी काम न्हाई? मग माघारी काय हुत आसंल!"

रांगेच्या टोकाकडून सुलाबाई म्हणाली, "सायब, आमालाबी काय सांगायचं आसंल तर त्या खांबालाच सांगायचं का? न्हाई, इचारून ठेवते."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. लालासाहेबांनी मनातल्या मनात उद्धट या शब्दाखाली आणखी एक रेघ ओढली आणि निघून गेले.

मेढ्याला नाथाजीच्या मुलीच्या लग्नाची सुपारी फुटायची होती. घर पाहुण्यांनी भरलेलं, चुलीवर पहाटेपासून तवा. लालासाहेब सोप्यात तंबाखू मळत बसले होते. तिथून स्वयंपाकघरातला चुलीचा कोपरा दिसत नव्हता, पण ऐकू येत होतं. अंबूबाई भाकरी थापत होत्या. थपथप, थपथप, मग तव्यावर टाकल्याचा आवाज, मग पुन्हा थपथप. इतका एकसारखा ठेका की लालासाहेबांना परेडच्या मैदानाची आठवण झाली. आपल्या बायकोच्या हाताचा त्यांना अभिमान होता. जावांत तिच्या तोडीची भाकरी कुणाची नव्हती.

तेवढ्यात नाथाजी गोठ्याकडून आले. उंबऱ्यापाशी थांबले आणि खाकरले. अंबूबाईंचे थोरले दीर.

थपथप बंद.

नाथाजी आत गेले, माठातलं पाणी प्याले, इकडं तिकडं बघितलं, गुळाचा खडा शोधला, सापडला, तोंडात टाकला. सगळा वेळ आत काही वाजलं नाही. मग करपल्याचा वास आला. नाथाजी बाहेर आले आणि भावाशेजारी बसले. ते बसतात न बसतात तोच आत थपथप सुरू.

"लाला, एक बोलू का? राग न्हाई ना यायचा?"

"बोला की, दादा."

"तुझी मंडळी मनानं लय चांगली हाय रं. पन हात लय मंद. कवाबी जावं, भाकरी आपली हातात तशीच. आन् तव्यावरली करपवती. आता बघ, ह्याच्या आधीबी करपवली हुती. मी कायम बघतो."

लालासाहेब मोठ्यानं हसले. "दादा, आवं, तुमी आत गेल्यावर ती थापंल कशी? तुमी हाईसा तवर तिला भाकरी उलटायलाबी..."

बोलता बोलता त्यांचं हसू विरलं. तंबाखू तळहातावरच राहिली. नाथाजी वाट बघत होते. "उलटायलाबी काय?"

"काय न्हाई," लालासाहेब म्हणाले. मग तंबाखू पुन्हा मळत म्हणाले, "तुमी कायम बघता म्हणला न्हवं?"

"कायम. माझ्या डोळ्यांनी."

लालासाहेबांनी भावाच्या डोळ्यांकडं बघितलं. चांगले होते. चष्माही नव्हता.

परतीच्या एसटीत अंबूबाई सोबत होत्या. साताऱ्याच्या स्टँडवर गाडी बदलली, जागा मिळाली, तेव्हा लालासाहेबांनी विचारलं, "राही मामींचा हात कसा हाय गं?"

"राही काकीचा?" अंबूबाई म्हणाल्या. "म्या भाकरी शिकले कुणाकडनं? तिच्याकडनंच. आमच्या वाडीवस्तीत तिच्या हाताला हात लावणारी न्हवती. का?"

"मग माझ्यापुढंच का..."

"तुमच्यापुढं?" त्या नवऱ्याकडं अशा बघायला लागल्या की जणू त्यानं पलटणीत नक्की काय केलं हे आता विचारावं. "तुमी तिचं जावई. तुमच्या थोरल्या भावानं इतक्या वरसांत माझी चालती भाकरी बघितली न्हाई. तुमी राही काकीची चालती कात्री कवा बघितली?"

"मग सांगायचं न्हाई व्हय मला?"

"तुमी ईचारलं कवा? तुमी फर्मान काढूनच घरी आला."

गाडी कऱ्हाडच्या पुढं गेली. लालासाहेब बाहेरचा ऊस बघत होते. "आन् मनू?"

"मनू चांगली हाय. तुमी दारात उभं असला की आणखीनच चांगली." अंबूबाईंनी पदर सावरला. "तुमी गेल्यावर कशी हाय, ते मला ठावं न्हाई. आन् खरं सांगू का? तुमालाबी न्हाई."

लालासाहेबांचा स्वभाव असा, की चूक कळली की ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीआधी दुरुस्त झाली पाहिजे. घाईनं दुरुस्त केलेल्या चुकीतून कधी कधी मूळ चुकीपेक्षा मोठी निघते, पण त्याची नोंद ते करत नसत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बूट घरी ठेवले, सासऱ्याच्या वहाणा घातल्या, आणि न खाकरता शेडच्या दारात जाऊन उभे राहिले.

एक क्षण, फार तर दोन, त्यांना दिसलं. चुऱ्याच्या कोपऱ्यात राहीबाई कागद कापत नव्हती. शेजारणीचा बिघडलेला घड तिनं मांडीवर घेतला होता आणि तिची कात्री अशी चालली होती की मणी पडताना दिसायचे, पाती दिसायची नाहीत. तोंडानं ती शेजारणीला दटावत होती.

मग कुणीतरी किंचाळलं. एक पेटी कलंडली, पदर शोधता शोधता दोघींची डोकी आपटली, आणि राहीबाई उठून तरातरा मागच्या दारानं थेट घरी गेली. दुपारपर्यंत गावात एकच बातमी. मॅनेजर न खाकरता बायकांत घुसला.

आप्पासोंनी बोलावून घेतलं. "पाव्हणं," ते पान लावत म्हणाले, "दुश्मनाच्या तळावर आसं जात्यात. हितं आपल्याच बायका हायत्या. राहीचा नवरा कोंडीबा मघाशी हितं येऊन बसला हुता. बोलला काय न्हाई, पन काठी घेऊन बसला हुता."

"आप्पा, मला काम बघायचं हुतं."

"मग काम बघा की! बायका कशाला बघता?"

आप्पासोंनी हे रागानं म्हटलं होतं, आणि म्हणून विसरूनही गेले. पण लालासाहेब उठता उठता पुन्हा खाली बसले. "आप्पा, बराबर बोलला तुमी."

"व्हय?" आप्पासो गोंधळले. बरोबर बोलल्याची त्यांना सवय नव्हती.

संध्याकाळी अंबूबाई चुलतीच्या घरी गेल्या. जावयाच्या वतीनं माफी त्यांनी मागितली, तीही आपल्या पद्धतीनं. म्हणजे नवऱ्याला चार शिव्या घालून. राहीबाई म्हणाली, "येते. पन चुऱ्याला न्हाई बसणार. पेटी भरायला देत असला तर येते." अंबूबाई म्हणाल्या, "पेटीच भरायची हाय. तुझी तू. बघायला कुणीबी येणार न्हाई."

ठरलं ते असं. दिल्लीच्या कामाच्या प्रत्येक बाईनं एकेक पेटी भरायची. भरताना लालासाहेब शेडच्या आसपास फिरकणार नाहीत. तळाच्या कागदाखाली प्रत्येकीनं आपली एक खूण ठेवायची, काय ठेवली ते कुणाला सांगायचं नाही. मग पेट्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ट्रॅक्टरवाल्या गुंडानं मिरजेच्या वाटेनं न्यायच्या आणि परत आणायच्या. "सावकाश चालवू का?" गुंडानं विचारलं. "न्हेमीसारखा चालव," लालासाहेब म्हणाले. गुंडाला सावकाश चालवता येतच नव्हतं, त्यामुळं हे सोयीचं झालं. आल्यावर पेट्या दोन-तीन दिवस गोदामात कुलपात ठेवल्या, रेल्वेतल्या उकाड्याची तेवढीच तालीम.

"आन् माल खराब झाला तर?" आप्पासोंनी विचारलं.

"दिल्लीत खराब निघण्यापरीस हितं निघू द्या."

पेट्या उघडल्या त्या दिवशी कमिटी गोदामात बसली आणि बायका दाराबाहेर. दाराला पोत्याचा पडदा. लालासाहेबांनी आधीच बजावलं, "आधी माल कसा हाय ते बोलायचं. खूण मागनं बघायची. आन् मी परत्येक पेटी कुणाची ते आधी सांगणार."

"का?" आप्पासो.

"माझं डोळं कसं हायत ते मलाबी कळू दे."

पहिली पेटी उघडली आणि कमिटीच्या तोंडून आपोआप "वा!" निघालं. वरचा थर म्हणजे लग्नातलं रुखवत. घड एका कुशीवर, मणी एकसारखे, देठ लपवलेले. आप्पासोंनी हात वर केला. "हिला पैला नंबर. बाकीच्या उघडायची गरजच न्हाई."

"ही आमच्या मामींची आसणार," लालासाहेब म्हणाले. एका क्षणात दिसलेल्या त्या कात्रीनं ते असे भारावले होते, की आता चांगलं म्हणून जे दिसेल ते मामींचंच वाटायला लागलं होतं. जुना गैरसमज गेला होता, पण जागा रिकामी राहिली नव्हती. "वरला थर काढा."

वरचा थर काढला आणि आंबूस वास आला. खालचे घड दाबून भरलेले, मणी फुटलेले, चुरा ओला. कागदाखाली निळ्या काकणाचा तुकडा निघाला. पोत्याच्या पडद्यामागून मनुबाईचा आवाज आला, हळू, "माझी हाय."

दुसरी पेटी वरून काही विशेष नव्हती. दोन घडांचे देठ वर आलेले, मांडणी वाकडी. "मनुबाईची न्हवं, मग ही कुणातरी शिकाऊ बाईची," लालासाहेब म्हणाले. पण खाली खाली जाल तसा माल ताजा. तळाचे घड असे सैल आणि तरीही न हलणारे ठेवले होते, की गुंडाच्या ट्रॅक्टरनंही त्यांचं काही बिघडवलं नव्हतं. कागदाखाली लोकरीचा पुंजका.

"सुलाबाई," आप्पासो म्हणाले. लोकर ओळखायला मॅनेजर लागत नाही.

"कोकरू झोळीत घालून डोंगरानं न्ह्यावं लागतंय, सायब," पडद्यामागून सुलाबाई म्हणाली. "दाबलं तर मरतंय, सैल सोडलं तर आपटतंय. द्राक्षाचंबी तसंच."

आणखी काही पेट्या उघडल्या. बऱ्या होत्या, वाईट होत्या, आणि लालासाहेबांचा अंदाज कुठंच लागला नाही. शेवटी एक पेटी राहिली. वर नीट, मध्ये नीट, एकही कुजका मणी नाही. तळाला दोन घड थोडे दबलेले, पण वास स्वच्छ. लालासाहेबांनी आता अंदाज करायचं सोडून दिलं होतं. "कुणाचीबी आसू दे, चांगली हाय," म्हणाले. कागदाखालून लाकडाची एक ढलपी निघाली. आप्पासो ती उलटसुलट बघू लागले.

"खांबाची हाय," लालासाहेब म्हणाले. त्यांच्या मिशीचं टोक हललं. "शेडमधल्या."

पडद्यामागं बायका इतक्या हसल्या की पोतं हललं.

मग खऱ्या हिशेबाला सुरुवात झाली. तळ लावण्यात सुलाबाई सगळ्यांच्या पुढं. साफ करण्यात आणि सगळं मिळून राहीबाई. आप्पासो म्हणाले, "परीक्षेपुरतं कुणीबी चांगलं करतंय."

"म्हणून आता रोजच्या ढिगातनं एक पेटी उघडायची. कुठली ते कुणालाच ठावं नसंल. मलाबी न्हाई."

"आन् त्या मनूचं काय? तिला तर तुमीच डोक्यावर घेतलं हुतं."

कुणी काही बोलायच्या आत मनुबाई पडदा सारून आत आली. डोळे ओले होते, पण आवाज ठीक होता. "दाजी, तुमी दारातनं वरलाच थर बघून शाबासकी देत हुता. म्या वरलाच शिकले. खालचं बघायला कुणी आलं आसतं तर खालचंबी शिकले आसते."

लालासाहेबांना पलटणीत वरिष्ठांनी बरंच सुनावलं होतं. पण इतकं नेमकं फारच कमी वेळा. "खरं हाय, मनू," ते म्हणाले. "ती पेटी तू भरली, पन निम्मी माझी हाय. उद्यापासनं सुलाबाईशेजारी बस. तळ शीक. वरल्या थराला तुझ्यासारखी मला दुसरी मिळायची न्हाई."

राहिला मुकादमीचा प्रश्न. सुलाबाईचं नाव निघताच आप्पासो म्हणाले, "ती मेंढरामागं जाणारी. बारमाही कशी ऱ्हाईल?"

"तिला ईचारलं का कुणी?" लालासाहेब म्हणाले, आणि पडद्याकडं वळून त्यांनी विचारलं. विचारायची सवय नवीन होती, आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

सुलाबाईनं पडदा थोडा सरकवला. तिला कुणी विचारेल असं तिनं धरलं नव्हतं. "औंदा न्हाई, सायब. मेंढरं हायत. फुडल्या साली पोरगं हितल्या शाळंत घालायचं म्हणतोय आमी. तवा ईचारा. पन ईचारा बरं का."

"ईचारतो."

"मग राही मुकादम," आप्पासो म्हणाले. "पन पाव्हणं, ही मुकादम तुमच्याशी बोलत न्हाई, तुमच्याकडं बघत न्हाई. काम चालायचं कसं?"

"खांब हाय की," लालासाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बायका यायच्या आधी, लालासाहेबांनी गुंडाला घेऊन शेडमधली सगळी पोती फिरवली. आता बसणाऱ्यांची पाठ दाराकडं. दार रुंद होतं. उजेड आधी डोळ्यात जायचा तो आता खांद्यावरून घडावर पडायला लागला. सुलाबाईनं बसल्या बसल्या हे ओळखलं आणि कुणाला तरी सांगितलंही. राहीबाई आली, उभी राहिली, पोत्यांकडं बघितलं, दाराकडं बघितलं. जावई आला तरी आता वळायला नको, तोंड आधीच फिरवलेलं. पाठ केलेल्या सासूनं हात चालवले तर त्यात कुणाचा मान जातो? तिनं डोक्यावरून पदर नीट घेतला, बसली आणि कात्री उचलली.

घरी अंबूबाईंनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, "द्राक्षाची शेड फिरली. आता मेढ्याची चूलबी फिरवा." लालासाहेबांनी होळीला मेढ्याला जायचं कबूल केलं, कुदळ घेऊन.

दहाच्या सुमाराला शेडबाहेर गुरगुर झाली, मग आवाज, मग शांतता, मग बूट. आत कात्र्या चालूच राहिल्या. लालासाहेब दारात उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते खाकरून आत आले होते आणि काही थांबलं नव्हतं. ते बघतच राहिले. राहीबाईच्या कोपराखालून मणी टपटप पडत होते.

तिनं मान वळवली नाही. समोरच्या खांबाला म्हणाली, "खांबा, मॅनेजरांना सांग, काम बघायचं तर बघा म्हणावं. पन दारातनं बाजूला व्हा. उजेड अडतोय."

लालासाहेब बाजूला झाले.